घर कोण सांभाळणार?

थंडी पडायला लागली की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेतले स्वेटर खाली येतात आणि दुसरी म्हणजे ‘यंदा कुठंतरी जाऊन येऊ या’ असं कुणीतरी म्हणतं. फेब्रुवारीत स्वेटर धुऊन पुन्हा माळ्यावर जातात. जाऊन येणं मात्र राहूनच जातं. कधी लेकीची परीक्षा, कधी ह्यांची ऑडिटची गडबड, कधी माझ्या बचत गटांच्या बैठका.

डिसेंबर २०२४ मध्ये मात्र गाडी जरा पुढं सरकली. मुलगा पुण्याहून नाताळच्या सुट्टीत घरी आला होता. रात्री जेवणाच्या टेबलावरच बैठक बसली. महाबळेश्वर निघालं, भंडारदरा निघालं. ह्यांच्या अटी ठरलेल्या. गाडी आपली आपणच चालवायची, दोनच मुक्काम करायचे आणि दिवसभर नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं नाही. मग मीच म्हटलं, “डोंगरच बघायचे ना? मग आपल्या उशाशी आहेत ते कधी बघणार?”

खरंच सांगते मैत्रिणींनो, आपण छत्रपती संभाजीनगरकर पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवून आणतो, पण त्या दोघांना जोडणारी डोंगररांग अशी सलग कधी बघतच नाही. म्हैसमाळपासून कन्नडकडं, तिथून घाट उतरून खाली खानदेशात चाळीसगाव आणि पाटणादेवी, मग डोंगराच्या पायथ्यानं अजिंठा आणि परत वर चढून सिल्लोडमार्गे घर. मुलानं मोबाइलवर हिशेब केला. सगळं मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तीन दिवसांत आरामात होण्यासारखं.

सगळे खूश. तेवढ्यात ताटं उचलता उचलता आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नेहमीचं वाक्य बोलल्या, “तुम्ही जाऊन या गं. घर मी सांभाळते.”

आणि नेहमीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या बोलण्याला लागलो.

सोमवारचा घोळ

पहिला बेत मुलानं केला. शनिवारी वेरूळ आणि म्हैसमाळ, रविवारी पितळखोरा आणि पाटणादेवी, सोमवारी अजिंठा. कागदावर झकास दिसत होता. लेकीनं एका नजरेत त्याची हवा काढली. “दादा, अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी.” इतकी वर्षं या गावात राहून आमच्यापैकी एकालाही हे चटकन आठवलं नव्हतं. मग वार बदलून शुक्रवार, शनिवार, रविवार असे ठरले. तारखा १० ते १२ जानेवारी २०२५, संक्रांतीच्या तोंडावर.

त्याच रात्री मी आणि आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. बराच वेळ गप्प बसून आईंनी विचारलं, “औट्रम घाटानं उतरणार का गं तुम्ही?”

“हो, कन्नडचा घाट. का हो आई?”

“काही नाही. पाटणादेवीला जाणार म्हणालात ना, तर ओटीचं सामान देईन. तेवढी भरून ये माझ्या नावानं.”

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. आईंचं माहेर चाळीसगाव तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. १९७१ साली लग्न होऊन त्या हाच घाट चढून वर आल्या. लग्नानंतर सासऱ्यांसोबत जोडीनं पाटणादेवीची ओटी भरली, तेवढीच. पुढच्याच वर्षी बाहत्तरचा दुष्काळ. मग मुलं, शेती, सासू-सासऱ्यांची आजारपणं. माहेरी जाणं झालं ते लग्नकार्याला नाहीतर मयतीला. भाऊ गेल्यावर तेही आटलं. देवीला जायचं मात्र राहिलं ते राहिलंच. पन्नासहून जास्त वर्षं.

“मग आई, तुम्ही चला ना आमच्याबरोबर!”

“नको गं. माझ्यामुळं तुमचे हाल होतात. महाबळेश्वरला नव्हते का झाले!”

पाणी न पिण्याची गोष्ट

महाबळेश्वरची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. निदान ठाऊक आहे असं आम्हाला वाटत होतं. २०१८ साली आम्ही सगळे गेलो होतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी आईंना चक्कर आली आणि त्या गाडीजवळच खाली बसल्या. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय. आम्ही समजलो, वय झालं, प्रवास झेपत नाही. तेव्हापासून ‘घर मी सांभाळते’ सुरू झालं आणि आम्हालाही ते सोयीचंच पडलं.

मटार सोलता सोलता आईंनी खरं काय ते सांगितलं. “अगं, त्या दिवशी पहाटेपासून मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. पाणी प्यायलं की गाडी थांबवा म्हणावं लागतं. एकदा म्हटलं, तर ज्या पंपावर थांबलो तिथल्या संडासाला कुलूप. दुसऱ्यांदा कसं म्हणायचं? सगळ्यांचा खोळंबा होतो, आणि लाज पण वाटते. म्हणून मग पाणीच नाही प्यायले.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. कारण मैत्रिणींनो, मी गेली पंधरा वर्षं वस्त्यांमधून आणि खेड्यांमधून बायकांच्या बैठका घेते. घरी संडास का हवा, पाणी कमी प्यायल्यानं लघवीचे त्रास कसे होतात, हे माईक हातात घेऊन सांगते. आणि माझ्या शेजारच्या खोलीत झोपणारी बाई केवळ एवढ्या कारणासाठी सहा वर्षं घराबाहेर पडली नव्हती. हे मला कुणी सांगितलं नाही असं कसं म्हणू? मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, “बेत पुन्हा करायचा. आणि या वेळी आईंपासून सुरुवात करायची.”

काय घालायचं, काय काढायचं

सहलीचा बेत करताना आपण नेहमी काय काय बघायचं याची यादी करतो. या वेळी आम्ही उलटं केलं. आधी कुठं कुठं थांबायचं ते ठरवलं आणि मग त्यात बघायचं बसवलं. लेकीनं वही घेतली. दर तासाभरानं एक थांबा, जिथं बायकांसाठी धड स्वच्छतागृह असेल असा. ओळखीच्यांना फोन करून तिनं माहिती काढली. कुठलं हॉटेल बरं, कुठल्या पंपावर दार लागतं, कुठं पाणी असतं. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह या सोयी द्यायलाच हव्यात असा नियम आहे, हे तिनंच आम्हाला सांगितलं.

मग काढाकाढी सुरू झाली. पितळखोऱ्याची लेणी मुलाला फार बघायची होती. इसवी सनापूर्वीची, कड्याच्या कुशीत लपलेली बौद्ध लेणी. तिथं सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव तिच्यावर कोरलेलं आहे. पण तिथं खूप पायऱ्या उतरून पुन्हा तेवढ्याच चढायच्या. आईंचे गुडघे काही तयार होणार नाहीत. मुलगा जरा हिरमुसला, मग म्हणाला, “जाऊ दे, मित्रांबरोबर येईन मी.” वेरूळचीही चौतीसच्या चौतीस लेणी नकोत असं ठरलं. ती आपल्याला कुठल्याही रविवारी बघता येतात. प्रवेशद्वारासमोरचं कैलास लेणं तेवढं ठेवलं.

रात्रीचा प्रवास पूर्ण काढून टाकला. थंडीच्या दिवसांत आपल्याकडं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागं दिवाच नसतो, आणि धुक्यात तर त्या अंगावर आल्यावरच दिसतात. म्हणून सूर्य उगवल्यावर निघायचं आणि मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, असं पक्कं केलं.

सर्वांत मोठा बदल मुक्कामाचा. चाळीसगावला हॉटेलात उतरायचं ठरलं होतं. मी आईंच्या माहेरी मामींना, म्हणजे त्यांच्या वहिनींना, फोन लावला. “येतो आहोत आम्ही. आईंना घेऊन.” पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग मामी एवढंच म्हणाल्या, “कधी?”

घाटमाथा

शुक्रवारी सकाळी आठला निघालो. निघताना आई सवयीनं मागचं दार उघडायला लागल्या. मी म्हटलं, “आज पुढं बसायचं.” घाटात मागं बसलं की मळमळतं, पुढं बसून लांबवर नजर ठेवली की त्रास कमी होतो. आई संकोचल्या. पुढची सीट म्हणजे पुरुषमाणसाची, असंच त्यांच्या डोक्यात. मुलानं त्यांना बेल्ट लावून दिला आणि आमची वरात निघाली.

पहिला थांबा म्हैसमाळ. खुलताबादवरून वर चढलं की सुमारे साडेतीन हजार फूट उंचीवरचं हे पठार. पायऱ्या नाहीत, चढण नाही, गाडी थेट वर जाते. गिरिजामातेचं दर्शन घेतलं. दूरदर्शनचा मनोरा दिसला आणि अँटेना फिरवत ‘आलं का, आलं का’ ओरडायचे लहानपणीचे दिवस आठवले. कड्यावर उन्हात बसून आम्ही घरून आणलेल्या धपाट्यांवर ताव मारला. खाली दरीत धुकं अजून रेंगाळत होतं. थंडी अशी की थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत कोमट.

दुपारी वेरूळ. आधी घृष्णेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ. घुश्मा नावाच्या एका शिवभक्त बाईची कथा या स्थानाशी जोडलेली आहे, ती आईंनी नातीला सांगितली. इथं गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो. मे महिन्यात ठीक आहे हो, पण जानेवारीत! ह्यांनी आणि मुलानं कुडकुडत दर्शन घेतलं, आणि आम्ही तिघी शालीत गुंडाळलेल्या. आई किती दिवसांनी अशा खळखळून हसल्या.

कैलास लेण्यापुढं मात्र त्या गप्प झाल्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणून केलेलं हे अख्खं देऊळ. “कळसापासून सुरुवात केली म्हणतेस? म्हणजे पाया सगळ्यात शेवटी?” आईंनी विचारलं. मी हो म्हटलं. “मग चुकून जमणार नाही. आधी सगळं डोक्यात असावं लागेल.” इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

कन्नडच्या अलीकडं आमचा तो ठरलेला पंपावरचा थांबा. आणि हाय रे दैवा, दाराला कुलूप! चावी कुणाकडं? मॅनेजरकडं. मॅनेजर कुठं? जेवायला. सहा वर्षांपूर्वीची आई असती तर ‘असू दे, असू दे’ म्हणत गाडीत जाऊन बसली असती. पण लेक काउंटरवर जाऊन उभी राहिली. “काका, आजी बहात्तर वर्षांची आहे. आम्ही इथंच थांबतो चावी येईपर्यंत.” पाच मिनिटांत चावी आली. आत फार स्वच्छ होतं असं नाही, पण पाणी होतं. बाहेर आल्यावर आईंनी बाटली उघडली आणि सगळ्यांच्या देखत पोटभर पाणी प्यायल्या.

पाण्याची वाटणी

कन्नडचा घाट म्हणजे मराठवाड्याचं पठार संपून खानदेश सुरू होतो ती कड. औट्रम हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं, ज्यानं एकोणिसाव्या शतकात खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. घाटाच्या आजूबाजूला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ साली घोषित झालेलं. मुलानं आजीला सांगितलं, की २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत इथं येऊन पोचला. आई म्हणाल्या, “त्याला बरं कुणी विचारलं नाही, घर कोण सांभाळणार म्हणून!”

घाट तसा अवघड आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीनं इथं दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. त्यामुळं निघण्याआधी मामींच्या मुलाला फोन करून रस्त्याची स्थिती विचारून घेतली होती. ह्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही आणि वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा त्यांच्या वडिलांनी शिकवलेला नियम.

एका वळणावर खालचा सगळा मुलूख दिसायला लागला. लेक भूगोलाच्या पुस्तकातलं सांगत होती. ही रांग म्हणजे पाण्याची वाटणी करणारी रेघ. अलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जातो आणि पलीकडचा गिरणा-तापीतून पश्चिमेच्या. आईंनी काचेतून बाहेर बघत विचारलं, “म्हणजे माझ्या माहेरचं पाणी आणि सासरचं पाणी कुठंच भेटत नाही म्हण की!” त्यावर काय बोलावं, कुणालाच सुचलं नाही.

कशी शे माय?

पाचच्या सुमारास गावात शिरलो. मामी दारातच उभ्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “कशी शे माय?”

आमच्या आई आमच्याशी नेहमी आमच्यासारखंच बोलतात. त्या रात्री मात्र चुलीपाशी बसून त्या दोघी अहिराणीत अशा काही बोलत सुटल्या, की माझ्या लेकीनं विचारलं, “आई, ही आजी वेगळीच आहे ना?” खरंच वेगळी होती. जेवायला कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत. थंडीतल्या वांग्याची ती चव तुम्हाला सांगून कळायची नाही.

शनिवारी सकाळी पाटणादेवीला गेलो. मामीही बरोबर होत्या, त्यांच्या मुलाच्या गाडीत. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे चंडिकेचं जुनं दगडी देऊळ. शाकंभरी नवरात्र चालू होतं. गाडी उभी करून पुढं थोडं चालायचं होतं. आम्ही दर पन्नास पावलांवर थांबलो. कुणालाही घाई नव्हती, कारण त्या सकाळच्या पानावर लेकीनं वहीत दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

आईंनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. नंतर बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. काय मागितलं म्हणून मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्याच म्हणाल्या, “काही मागितलं नाही. उशीर झाला तेवढं सांगितलं.”

या पाटण गावात आणखी एक गोष्ट आहे, जी मला पूर्वी ठाऊक नव्हती. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं इथं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. साधारण १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे, आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या अंकगणिताच्या ग्रंथाचं नाव ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची मुलगी, असं परंपरा सांगते. खरंखोटं देव जाणे, पण त्यातली कित्येक उदाहरणं एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत, हे नक्की. दहावीच्या गणिताला घाबरणारी माझी लेक ते ऐकून जरा ताठ झाली.

दुपारी चाळीसगावात कलामहर्षी केकी मूस यांचं घर बघितलं. छायाचित्रकार आणि चित्रकार. १९८९ मध्ये ते गेले. आयुष्याची कितीतरी दशकं ते या घरातून जवळजवळ बाहेर पडलेच नाहीत आणि घरातच बसून टेबलावर छोटी छोटी दृश्यं मांडून त्यांनी अप्रतिम छायाचित्रं काढली. त्या भिंतींकडं बघताना माझ्या मनात आलं, हा माणूस आपल्या मर्जीनं घरात राहिला. मर्जीनं राहणं वेगळं आणि कुणी विचारलं नाही म्हणून राहणं वेगळं.

तू जा वर

रविवारी सकाळी मामींनी आईंना साडी दिली, आईंनी मामींना तिळगूळ आणि वाण दिलं. दोघी रडल्या. मग पाचोऱ्यावरून डोंगराच्या पायथ्यानं आम्ही फर्दापूरला आलो. वाटेत कापसाच्या शेवटच्या वेचणीला वाकलेल्या बायका दिसत होत्या. आईंना त्यांच्याकडं बघून आपली कंबर आठवली.

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून बसनं आत जावं लागतं. पुढं चढ. डोलीवाले लगेच पुढं आले. ज्येष्ठांसाठी ही चांगली सोय आहे. पण आईंनी हात जोडले. “नको बाबा. चौघांनी उचलून न्यायची वेळ अजून यायची आहे माझी!” डोलीवालेही हसले.

मी म्हटलं, “मग मी बसते तुमच्याबरोबर खाली.”

“मुळीच नाही,” आई म्हणाल्या. “तू जा वर. बावीस वर्षं झाली तुला या घरात येऊन. दर वेळी पाहुण्यांची पोरं सांभाळत खालीच बसलीस तू. मला माहीत आहे.”

मला वाटत होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. आई झाडाखाली बसल्या, शेजारी ह्यांना बसवून घेतलं, आणि मी मुलांबरोबर वर गेले. पहिल्या लेण्यातल्या अंधारात डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतीवरचे चेहरे एकेक करून पुढं येतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायका, त्यांचे दागिने, केसांची बांधणी, वळलेल्या माना. कॉलेजात पुस्तकातून पाठ केलेलं सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घड्याळ न बघता.

परतीच्या वाटेवर अजिंठा गाव लागतं. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आलेल्या रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराच्या पारूची कबर इथं आहे. १८५६ साली ती गेली. गाडीतूनच हात जोडले. सिल्लोड, फुलंब्री करत दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो.

दाराचं कुलूप होतं तसंच होतं. तुळशीला शेजारच्या काकूंनी पाणी घातलं होतं. दुधाची पिशवी त्यांच्याच फ्रीजमध्ये होती. आईंनी घरभर एक चक्कर मारली आणि जरा नवलानं म्हणाल्या, “काही झालं नाही गं घराला!”

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल ‘तुम्ही जाऊन या’ म्हणणारं. कदाचित त्या तुम्हीच असाल. तसं असेल, तर ते वाक्य ऐकून लगेच पुढच्या विषयाकडं वळू नका. शेजारी बसा, मटार सोला आणि पुन्हा एकदा विचारा. कारण थंडी दरवर्षी येते. बरोबर यायची माणसं दरवर्षी असतीलच असं नाही.

निघण्यापूर्वी

• अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. शनिवार-रविवारला जोडून रजा घेणार असाल, तर शुक्रवार सोयीचा.

• दर तासाभराच्या अंतरावर बायकांसाठी स्वच्छतागृह असलेले थांबे आधीच शोधून लिहून ठेवा. गाडीतल्या प्रत्येकीनं पाणी प्यायलं का, हे कुणीतरी बघायचं. साबण, टिश्यू आणि कागदी पिशव्या हाताशी असू द्या.

• कन्नडचा घाट दिवसाउजेडीच पार करा. आदल्या दिवशी रस्ता सुरू आहे ना, याची चौकशी करा. टायरची हवा, ब्रेक, वायपर आणि धुक्यातले दिवे तपासून घ्या. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका.

• मळमळणाऱ्यानं पुढं बसावं, पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. आलेपाक किंवा आवळा सुपारी जवळ ठेवावी.

• घाटमाथ्यावर सकाळ-संध्याकाळ चांगलीच थंडी असते आणि दुपारी ऊन लागतं. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक बरे. ज्येष्ठांसाठी कानटोपी, पायमोजे, काठी आणि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको.

• दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा. राहिलेलं पुढच्या थंडीत!